आयपी ६५ ची बाहेरची पेटी, ८ महिन्यांनंतर: पाणी शिरलं नाही, मुंग्या शिरल्या

कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय आणि पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) ठेवायला ही एबीएस प्लास्टिकची, आयपी ६५ (धूळ आणि पाणी रोखण्याचा दर्जा) असलेली पेटी बाहेरच्या भिंतीवर आहे. अख्खा पावसाळा काढला. पाण्याच्या बाबतीत पैकीच्या पैकी गुण: झाकणाची रबरपट्टी अजून मऊ, आत गंजाचा ठिपकाही नाही.

मात्र तिसऱ्या महिन्यात झाकण उघडलं तेव्हा पॉवर सप्लायच्या बुडाशी मातीचे कण, मुंग्या आणि त्यांचे पांढरे कोष. आत ऊब, अंधार आणि कोरडी जागा. बाहेर वारूळ भिजलेलं. त्या येणारच.

दोष पेटीपेक्षा जोडणीचा. ६५ मधला ६ म्हणजे धूळबंद, पण सगळी भोकं नीट बंद असतील तरच. सोबतचे पीजी ९ मापाचे ग्लँड (केबल आत घेऊन तिच्याभोवती आवळायची बुचं) साधारण ४ ते ८ मिमी जाडीच्या गोल केबलचे. नेटवर्क केबलचा आरजे ४५ प्लग जवळपास १२ मिमी रुंद, तो ग्लँडमधून जात नाही. मग बसवणारे आतलं रबर काढतात आणि नट नुसता फिरवून ठेवतात. केबलभोवती उरते ती फट मुंगीला पुरते. एका ग्लँडमधून दोन केबल ओवल्या तरी तेच. प्लग कापा, केबल ओवा, नट घट्ट आवळा आणि मग नवा प्लग क्रिंप करा. रिकाम्या भोकांना ब्लँकिंग प्लग लावा. फटीत सिलिकॉन भरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअरचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं.

आत कीटकनाशकाचा फवारा अजिबात मारू नका. त्यातला वायू बहुधा ज्वलनशील असतो आणि बोर्डावर चिकट थर राहतो. एमसीबी पाडा, सप्लायमधला चार्ज उतरू द्या, मऊ कोरड्या ब्रशने झाडा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. उघडा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) असेल तर त्याचे संपर्कबिंदू जवळून बघा: विजेने मेलेल्या मुंगीच्या अंगातून सुटणारा गंध बाकीच्यांना ओढतो, मेलेल्यांचा थर साचतो आणि संपर्कच होत नाही. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये हे फार होतं. तिथे वायरी शिरतात ती भोकं बुजवा. कॉइलवर मात्र बारीक जाळी लावू नका, हवा अडते.

ग्लँड दुरुस्त केल्यापासून ५ महिने पेटीत एकही मुंगी नाही. कॅमेऱ्यावरची कोळिष्टकं मात्र पेटीने थांबणार नाहीत. इन्फ्रारेड दिव्यांपुढचा एक धागासुद्धा रात्री पांढरा पट्टा होऊन दिसतो आणि हालचालीचे खोटे इशारे येत राहतात, म्हणून कॅमेरा नियमित पुसावाच लागतो.

५ पैकी ४. एक गुण गेला तो निचऱ्याच्या भोकासाठी: तळाच्या ५ मिमी भोकाला जाळीच नाही आणि कुंभारीण माशीने ते चिखलाने लिंपून टाकलं होतं. आता तिथे ०.५ मिमी छिद्रांची स्टेनलेस जाळी आहे.