‘पूर्ण नवं वायरिंग’ म्हणून दिलेला जुनाच हार्नेस

गाडी मॉरिस मायनर १०००, जुनी ब्रिटिश मोटार. काम करणाऱ्याने पैसे घेतले ते अख्खा हार्नेस, म्हणजे गाडीभर फिरणारी तारांची जुडी, उतरवून नवा बसवण्याचे. गाडी परत आली तेव्हा बॉनेटखाली सगळं नव्या काळ्या टेपमध्ये नीट गुंडाळलेलं. हेडलाइट मात्र मिणमिणते आणि डॅशबोर्डमागून जळका वास. टेप उकलल्यावर कळलं, दिसतो तेवढाच भाग नवा. डॅशमागे जुन्या तारा कापून नव्यांना नुसता पीळ मारलेला, सोल्डर नाही, बुलेट कनेक्टर (तारा जोडायची गोळीसारखी धातूची टोकं) नाही. डिकीकडचा हार्नेस तर जागचा हललाच नव्हता.

तो टाळण्याचं कारण साधं आहे. तो बॉडीच्या पोकळीतून जातो. उपसताना टोकाला मजबूत दोरी बांधावी लागते, म्हणजे त्याच दोरीने नवा हार्नेस ओढून घेता येतो. या कामाला वेळ लागतो, आणि नेमकं तेच कुणाला दिसत नाही.

तारेतही लबाडी होती. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या, म्हणजे या गाडीच्या मूळ पद्धतीच्या वायरिंगमध्ये ०.३० मिमी जाडीचे तंतू मोजतात: १४ तंतूंची तार पावणेनऊ अँपिअर वाहते, २८ची साडेसतरा, ४४ची साडेसत्तावीस. डायनॅमो (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) १९ ते २२ अँपिअर देतो, म्हणून त्याच्या मुख्य तारेला ४४ हवेत. इथे १४ निघाले! तेही तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे. ब्लेडने एक तंतू खरवडून बघा. आत पांढरा दिसला तर अ‍ॅल्युमिनियम. कल्हई केलेलं तांबं याच्या उलट, वरून पांढरं आणि आत लालसर असतं. ते अस्सल आहे, त्यावरून वाद घालू नका.

रंगही तपासा. तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशननंतरची, हिरवी फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची. सगळ्या तारा एकाच रंगाच्या असतील तर गाडी घेऊच नका ताब्यात. मग दिवे लावून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टर्मिनलला आणि दुसरं हेडलाइटच्या तारेला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वाटेत कुठेतरी जोड किंवा गंज आहे.

उतरवलेला हार्नेस परत द्यायचा, हे काम देतानाच लिहून घ्या. या गाडीचा म्हणे ‘भंगारात गेला’. लांबी आणि फाटे मोजायला तोच नमुना असतो.

फ्यूजही बघाच. मूळ लुकास फ्यूजवरचा ३५ हा वितळण्याचा आकडा आहे, सतत तो साडेसतराच वाहतो. या गाडीत सतत ३५ वाहणारा आधुनिक फ्यूज बसवला होता. त्याच्याआधी तार जळते.