कॅथरिनबाईंच्या डब्लिनमधील अडीच तासांची पायी फेरी

डब्लिनमध्ये जुन्या माणसांच्या पाऊलखुणा दाखवणाऱ्या पायी फेऱ्या पुष्कळ आहेत. पण त्यांतील बहुतेकींचा रस्ता साहित्यिकांपासून निघून मद्यालयापाशी संपतो. म्हणूनच 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या कॅथलिक धर्मभगिनी संघाच्या संस्थापिका कॅथरिन मॅकॉली यांच्या वाटेने नेणारी फेरी एक छोटी खासगी मंडळी चालवते असे कळताच मी पुढच्याच शनिवारची जागा राखून ठेवली. माणशी २५ युरो, चौदा जणांचा गट आणि शेवटी चहा, असा एकूण बेत होता.

सुरुवात सेंट स्टीफन्स ग्रीन या उद्यानाच्या फाटकाशी झाली. मार्गदर्शक बाईंनी प्रस्तावना न करता पिशवीतून प्लास्टिकच्या आवरणातील पाच पौंडांची जुनी आयरिश नोट काढली आणि ती हातोहाती फिरवली. युरो येण्यापूर्वीच्या त्या शेवटच्या मालिकेत पाच नोटा होत्या आणि त्यांवरील पाच चेहऱ्यांमध्ये बाईचा चेहरा एकच, तो कॅथरिनबाईंचा. मागे दिसते ते त्यांच्या संघाने १८६१ मध्ये उघडलेले मेटर रुग्णालय. याच मालिकेतील वीसच्या नोटेवर कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढलेले आयरिश पुढारी डॅनियल ओ'कॉनेल आहेत, आणि कॅथरिनबाईंच्या घरी गरीब मुलांसाठी घातलेल्या नाताळच्या जेवणात मांस कापून वाढायला हेच ओ'कॉनेल उभे राहिले होते. ही जोडी मार्गदर्शक बाईंनी फार सहज जुळवून दाखवली.

फेरीचा सर्वांत कसदार भाग बॅगट स्ट्रीटचा आहे. विटांची उंच जॉर्जियन घरे, रंगीत दारे आणि दारांवरच्या पंख्याच्या आकाराच्या काचा पाहत आपण हर्बर्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर येतो आणि तेव्हा कळते की, २४ सप्टेंबर १८२७ रोजी सुरू झालेला कॅथरिनबाईंचा हा गरीब मुलींसाठीचा आश्रय मुद्दामच श्रीमंतांच्या वस्तीत बांधला होता. मोलकरणीचे काम शोधणाऱ्या मुलींना जिथे काम मिळण्याची शक्यता तिथेच निवारा असावा, आणि गरिबी धनिकांच्या नजरेआड राहू नये, असा त्यामागचा रोकडा विचार होता. त्याआधीचा एक प्रसंग सांगतात. संकटात सापडलेली एक मोलकरीण कॅथरिनबाईंकडे आली. त्यांनी तिच्यासाठी एका संस्थेत खटपट केली, पण समितीची बैठक भरेपर्यंत वेळ निघून गेली होती आणि मुलगी पुन्हा सापडली नाही. हा प्रसंग त्या बंद दारासमोर उभे राहून ऐकताना गटात कोणी चुळबूळसुद्धा केली नाही.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. माझा पेशा हिशेबनिसाचा असल्यामुळे असेल, पण एवढी मोठी इमारत उभी राहिली म्हटल्यावर पैसा आला कुठून आणि गेला कुठे, हे मला आधी विचारावेसे वाटते. मार्गदर्शक बाईंनी 'वारसा मिळाला, देवाची कृपा' एवढ्यावर ते प्रकरण मिटवले. वास्तविक १७७८ मध्ये जन्मलेल्या आणि आईवडील गमावून बसलेल्या कॅथरिनबाई कूलॉक येथील कॅलहान दांपत्याच्या घरी सुमारे वीस वर्षे राहिल्या. ते दांपत्य कॅथलिक नव्हते, पत्नी तर क्वेकर या प्रोटेस्टंट पंथाची होती, आणि तरीही १८२२ मध्ये कॅलहान वारले तेव्हा मालमत्तेचा मुख्य वाटा, सुमारे २५,००० पौंड, या कॅथलिक बाईच्या नावावर झाला. तो पैसा बॅगट स्ट्रीटच्या घराने गिळला. सख्ख्या भावाने त्या इमारतीला बहिणीचे खूळ म्हटले. पुढे कूलॉकचे घरही विकले गेले, आणि मग धर्मादाय प्रवचने, विक्रीमेळे आणि धुलाईघर यांवर रोजचा खर्च ओढायची वेळ आली. डब्लिनजवळच्या किंग्जटाउनमधील (आजचे डन लेअरी) शाळेच्या बांधकामाची थकबाकी तर कोर्टकचेरीपर्यंत गेली. यातले काहीही फेरीत नाही, आणि नोट दाखवून सुरू होणाऱ्या फेरीत ते नसावे, हे मला विशेष खटकले.

तीच गत चर्चमधील कुरबुरींची. कॅथरिनबाईंना मुळात संघ काढायचाच नव्हता. पण व्रते न घेता एकत्र राहून समाजकार्य करणाऱ्या बाया काही पाद्र्यांच्या डोळ्यांत खुपू लागल्या. बाई पुरुषी उद्योग करते असे सुचवण्यासाठी एकाने पत्रावर त्यांच्या नावापुढे पुरुषांना लावायची उपाधी लिहिली. अखेर १८३० मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्या जॉर्जेस हिलच्या मठात आपल्याहून कितीतरी लहान मुलींबरोबर उमेदवारी करायला गेल्या आणि १२ डिसेंबर १८३१ रोजी त्यांनी व्रते घेतली. हे सारे चार वाक्यांत उरकले गेले, त्यामुळे उरते ती सदा हसतमुख संत, जिला कधी कोणी आडवे गेलेच नाही.

टाउनसेंड स्ट्रीटवर मात्र मार्गदर्शक बाईंनी उणीव भरून काढली. १८३२ च्या पटकीच्या साथीत या धर्मभगिनी इथल्या रुग्णालयात पाळ्या लावून राबल्या. बाळंत होताच पटकीने गेलेल्या एका बाईचे तान्हे मूल कॅथरिनबाईंनी शालीत गुंडाळून घरी आणले आणि स्वतःच्या खोलीत निजवले. रस्त्यावर बसगाड्यांचा गोंगाट होता, समोर काचेची कचेरी होती, आणि आवाज न चढवता सांगितलेली ही हकीकत तरीही पोहोचली.

शेवटाकडे गटातील एका तरुणीने धुलाईघरांबद्दल विचारले. पुढच्या काळात आयर्लंडमध्ये मुलींना डांबून राबवणाऱ्या मॅग्डालेन धुलाईघरांपैकी काही याच संघाने चालवली. संघाच्या काही औद्योगिक शाळांमधील, म्हणजे अनाथ-गरीब मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्थांमधील, मुलांचा छळ २००९ च्या चौकशी अहवालात आला आणि धुलाईघरांबद्दल आयरिश पंतप्रधानांनी २०१३ मध्ये संसदेत माफी मागितली. बॅगट स्ट्रीटचे मूळ घर त्या जातीचे नव्हते. तिथे मुलींना काम शिकवून नोकरीला लावले जाई. हा फरक दोन मिनिटांत समजावता आला असता, पण उत्तर 'तो विषय वेगळा' एवढेच मिळाले. माझ्या लेखी हा फेरीचा सर्वांत मोठा दोष आहे.

चहाचेही सांगितले पाहिजे. ११ नोव्हेंबर १८४१ रोजी, मरणाच्या दिवशी, आपण गेल्यावर सगळ्यांना चांगला चहा मिळेल असे पाहा, असे कॅथरिनबाईंनी एका भगिनीला बजावले होते. त्याची आठवण म्हणून फेरीच्या शेवटी चहा असतो. आमच्या वाट्याला कोमट पाण्यात बुडवलेली पुडी आली; कॅथरिनबाईंनी ती परत पाठवली असती.

पाचपैकी मी साडेतीन तारे देईन, आणि त्यातला अर्धा केवळ त्या नोटेसाठी. फेरी बॅगट स्ट्रीटच्या घरात नेत नाही, दाराशीच थांबते. कॅथरिनबाई जिथे वारल्या ती खोली आणि बागेतील त्यांची समाधी आत आहे व त्यासाठी वेगळी वेळ ठरवावी लागते. ती आधी ठरवा, मग फेरीची तारीख घ्या, आणि छत्री विसरू नका.