शेपटीला पट्टी बांधलेला ‘इंग्लिश बुलडॉग’ आणि माझे 53,000 रुपये

निपाणी, संकेश्वर, चिकोडी, बेळगाव किंवा तिकडं कागल-गडहिंग्लज पट्ट्यात कुणी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘इंग्लिश बुलडॉग, घरगुती ब्रीडिंग, केसीआय कागदासकट’ (केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, कुत्र्यांच्या जातीची नोंद ठेवणारी संस्था) म्हणून पिल्लांचे फोटो पाठवत असेल, तर आधी हे वाचा. आगाऊ पैसे, घाईघाई, मग फोन बंद, ही पद्धत तुम्हाला नवीन नाही. मलाही नव्हती. हार्डवेअरचं दुकान चालवतो, खोटी नोट हाताला लागली तर न बघता कळते. तरी पैसे गेले ते गेले.

हिशेब आधी देतो. बुकिंग 3,000. पिल्लू ताब्यात घेताना 41,500. कातडीखाली बसवायची ओळखीची चिप आणि कागद 4,500. गाडीभाडं 1,800. आणि महिन्याभरानं ‘कुत्रं तुमच्या नावावर करायची फी’ म्हणून वर 2,200. एकूण 53,000. ह्यात डॉक्टर, खाणं, हौसेनं आणलेला कूलर धरलेला नाही.

लोक म्हणतात, माहिती नसताना कशाला पडायचं ह्यात? अहो, माहिती होती. मुलगी दोन वर्षं मागं लागली होती आणि मी गप्प बसून वाचत होतो. ही जात इंग्लंडची, बैलावर कुत्री सोडायचा खेळ चालायचा त्यातून आलेली, म्हणून नावात बुल. 1835 च्या कायद्यानं तो खेळ बंद झाला आणि पुढं लोकांनी ह्या कुत्र्याचा राग काढून टाकला, नाक बसकं केलं, डोकं मोठं केलं. नर साधारण 25 किलोचा, कान गुलाबपाकळीसारखे मागं दुमडलेले, खालचा जबडा पुढं. आयुष्य आठ-दहा वर्षं. नाक दबलेलं असल्यानं श्वासाला त्रास, घोरणं, उन्हात धाप. सुरकुत्या रोज पुसून कोरड्या ठेवायच्या नाहीतर आत कुजतं. दुपारी फिरवायचं नाही, गळ्यात पट्टा घालण्याऐवजी अंगाला हार्नेस. डोकं एवढं मोठं की बहुतेक बाळंतपणं सिझेरियननं होतात आणि म्हणूनच पिल्लू महाग. हे सगळं मला पाठ होतं. निपाणीच्या उन्हात कसं व्हायचं म्हणून शंका काढली तर विकणाराच म्हणाला, “पंखा लावा की ओ, कूलर लावा. बेळगावात तर चार-चार आहेत आमची.”

भाव पुण्यातल्या निम्मा. का, तर मधला दुकानदार नाही. आईला बघायला घरी येतो म्हटलं तर म्हणाला, येऊ नका, सध्या वातावरण गरम आहे. केंद्रानं बंदी आणलीय, शेजारी तक्रार करतील, पिल्लं जप्त होतील. आता ह्यात अर्धं खरं होतं आणि अर्ध्या खऱ्यावरच माणूस फसतो. मार्च 2024 मध्ये केंद्रानं राज्यांना पत्र काढून 23 जातींवर बंदी घाला म्हणून कळवलं होतं हे खरं. पण त्या यादीत अमेरिकन बुलडॉग होता. इंग्लिश बुलडॉगचं त्यात नावही नव्हतं. आणि ते पत्र एप्रिल 2024 मध्ये आपल्याच कर्नाटक हायकोर्टानं रद्द केलं. हे मला नंतर वकिलांनी सांगितलं. त्या वेळी मात्र बातमी डोक्यात होती, म्हणून नाक्यावर भेटायचं हे पटलं. जो माणूस पिल्लाची आई दाखवत नाही त्याच्याकडून मांजरसुद्धा घेऊ नका.

तर कोगनोळी नाका, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा, कर्नाटकाच्या बाजूचा. मे महिना, दुपारचं ऊन, हायवेच्या कडेला एका हॉटेलचं पार्किंग. पांढऱ्या ओम्नीतनं दोघं उतरले, फळांच्या खोक्यात पिल्लू. बिस्किटी रंग, तोंड काळं, कपाळाला आठ्या. दोन महिन्यांचं सांगितलं. मुलीनं खाली सोडलं तर ते तापलेल्या डांबरावरनं सुटलं ते थेट ट्रकच्या चाकापर्यंत, तिथनं परत, पुन्हा चाकापर्यंत. जीभसुद्धा बाहेर नाही. घुरघुर नाही, धाप नाही. आम्ही सगळे खूश! काय चपळ आहे बघा! अहो, दुपारी दोनच्या उन्हात बुलडॉगचं पिल्लू असं धावतं का? सगळं पाठ होतं ना मला? पण निरोगी पिल्लू बघून कुणाच्या मनात येतं की हे निरोगी आहे म्हणजे खोटं आहे? तुमच्या आलं असतं? खोटं बोलू नका.

आणि शेपूट. शेपटीच्या जागी पांढरी पट्टी, वर चिकटपट्टीचे दोन वेढे, कडेला आयोडीनचा पिवळा डाग. मी विचारलं, हे काय? “टेल कटिंग केलंय साहेब. बुलडॉगची करावीच लागते. पंधरा दिवस पट्टीला हात लावू नका, टाके आपोआप विरघळतात.” वर एका दवाखान्याच्या छापील कागदावर गोळ्या लिहून दिलेल्या. कागद बघितला आणि गप्प बसलो. आता सांगतो, नीट ऐका. बुलडॉगची शेपूट जन्मापासूनच आखूड असते. सरळ असो नाहीतर पिळाची, ती कुणी कापत नाही, कापायला असतेच किती? ज्याची शेपूट कापावी लागली ते कुत्रं बुलडॉग नाही, विषय संपला. नाक-सुरकुत्या सांगणारे शंभर व्हिडिओ बघितले, शेपटीचं कुणी बोललं नाही. एका मुक्या जिवाची शेपूट फक्त मला गंडवायला कापली. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे हा गुन्हा आहे, पण गुन्हा नोंदवायचा कुणी, ते पुढं येतंच आहे.

लसीकरणाचं पुस्तक दिलं होतं, त्यात दोन लसी ‘झाल्या’ होत्या. शिक्का होता, तारखा बॉलपेननं. लसीच्या बाटलीवरचा स्टिकर एकही चिकटवलेला नाही. बॅच नंबरचा स्टिकर नसेल तर लस झाली असं समजू नका, पार्वो हा विषाणूचा रोग झाला तर पिल्लू रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत जातं. आमचं गेलं नाही, गावठी रक्ताची कृपा.

पुढच्या लसीला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी बोटानं शेपटीचं टोक दाबलं, जिथं केस उगवले नव्हते तिथं. मग मानेवरनं चिपचं मशीन फिरवलं. आवाज नाही. पुन्हा फिरवलं, खांद्यापर्यंत. नाही. मग माझा कागद मागितला आणि पेनानं आकडे मोजले. चिपचा नंबर 15 आकडी असतो. माझ्या कागदावर 14. “कितीला घेतलंत?” मी 20,000 म्हणालो. बायको बाजूलाच उभी होती, ती काही बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, पग आणि आपलं गावरान मिळून काहीतरी आहे, तब्येत मात्र फर्स्टक्लास.

त्याच संध्याकाळी फोन केला. तोवर ह्याचे कानही वर उभे राहायला लागले होते, तेही सांगितलं. पठ्ठ्या घाबरला नाही. म्हणाला, “कान उभे? मग फ्रेंच निघाला की ओ! फ्रेंच महाग असतो, लॉटरी लागली तुम्हाला!” अहो, फ्रेंच बुलडॉग ही वेगळी जात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे लेस विणणारे कारागीर फ्रान्सला गेले, जाताना आपले बुटके बुलडॉग घेऊन गेले, त्यातनं ती तयार झाली. वटवाघळासारखे उभे कान तिचे असतात, कबूल. पण एका कुत्रीच्या पोटी इंग्लिश म्हणून जन्मलेलं पिल्लू महिन्यात फ्रेंच होतं का? हे त्याला सांगत होतो तेव्हाच त्यानं फोन ठेवला. नंतर ब्लॉक.

आता पोलीस. आमच्या बाजूच्या स्टेशनला गेलो. पहिला प्रश्न, पैसे कुठल्या खात्यात गेले? खातं महाराष्ट्रातल्या शाखेचं. मग तिकडं जा. बरं, तिकडं गेलो. पिल्लू कुठं घेतलं? कोगनोळीत. मग ते कर्नाटक, इकडं कशाला आलात? परत इकडं आलो तर सांगितलं अर्ज कन्नडात लिहून आणा. कन्नडात लिहून आणला, 300 रुपये देऊन. मग साहेब बंदोबस्ताला. मग साहेब हसले. कुत्र्याची केस म्हटल्यावर सगळेच हसतात. एक हवालदार म्हणाला, कुत्रं जिवंत आहे ना, मग फसवणूक कसली? 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तर तिथली बाई म्हणाली, माल हातात मिळालाय, ऑनलाइन फसवणुकीत बसेल असं वाटत नाही. सीमाभागासाठी दोन सरकारं 2004 पासून सुप्रीम कोर्टात भांडताहेत, एक इंच सोडणार नाही म्हणतात. त्याच इंचावर माणूस लुटला गेला की तो इंच कुणालाच नको! निवडणुकीला आमच्या दारात दोन्हीकडचे येतात, तक्रारीला दोन्हीकडची दारं बंद.

हे लिहून ठेवा, मला कुणी सांगितलं नव्हतं. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर घ्यावीच लागते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. घेत नसतील तर तेच सगळं लिहून रजिस्टर पोस्टानं जिल्ह्याच्या एसपींना पाठवायचं, पोचपावती जपायची. फसवणुकीचं कलम आता 420 नाही, भारतीय न्याय संहितेचं 318. अर्जात 420 लिहिलं म्हणूनही मला एकदा परत पाठवलंय. चूक दुरुस्त करून सांगायला काय झालं होतं, हा माझा प्रश्न आहे.

ब्रीडरचे नियमही आहेत बरं का, 2017 चे. राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, चिप बसवूनच द्यायचं. नोंदणी नंबर मागा. ‘घरगुती आहे, नंबर कशाला’ म्हणाला की फोन ठेवा. कागद तपासायचा तर पैसे देण्याआधी, केसीआयचं मुख्य कार्यालय चेन्नईला आहे. आणि चिप स्कॅन करायला डॉक्टर बरोबर न्या, त्यांची फी द्या, 53,000 पेक्षा कमीच होते. विकणारा म्हणाला आईची नॉर्मल डिलिव्हरी झाली, पाच पिल्लं, काही त्रास नाही, तर तिथंच कान टवकारा. मला हेही सांगितलं होतं, अभिमानानं.

पिल्लू परत का दिलं नाही म्हणून विचारणाऱ्यांना: कुणाला देऊ? आता ते गुडघ्याच्या वर आलंय, तोंड लांबत चाललंय, आईच्या हातची भाकरी-आमटी खातं आणि परसातल्या कावळ्यांच्या मागं पळतं. गल्लीतली पोरं मुद्दाम “बुलडॉग, ए बुलडॉग” म्हणून हाक मारतात. तेही शेपटीचं थोटूक हलवत जातं. कूलरसमोर मी झोपतो.

ग्राहक आयोगाचं तेवढं बरं निघालं. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. बेळगावला अर्ज तयार होतोय. यूपीआयचे सगळे स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग, तो 14 आकड्यांचा कागद आणि डॉक्टरांचा लेखी दाखला जोडलाय. त्याचा जुना नंबर बंद असला तरी तेच फोटो आता दुसऱ्या नंबरवरनं फिरताहेत, दर 48,000. त्यातल्या तिघांच्या शेपटीला पट्टी आहे. तुमच्यापैकी कुणी त्याला पैसे दिले असतील तर लाजू नका, पावत्या घेऊन पुढं या. वकील म्हणतात दोन-तीन तक्रारदार असले तर पोलिसांनाही हसता येणार नाही.