कॉलेजांसाठीची तयार ‘विद्यार्थी सुरक्षा सर्वेक्षण’ सेवा: घ्यायची तर काय बदलून घ्यायचं

नाशिकमधल्या कॉलेजांना सध्या एक तयार सर्वेक्षण विकलं जातंय. लैंगिक छळाबद्दल विद्यार्थ्यांना मोबाइलवर ३८ प्रश्न, नंतर निकाल ऑनलाइन दाखवणारा डॅशबोर्ड आणि छापील अहवाल. दर विद्यार्थ्यामागे २५ रुपये, किमान ५०० विद्यार्थी. विक्रेत्याचं नाव देत नाही. याच साच्याच्या सेवा आणखीही आहेत आणि पुढचं सगळं त्यांनाही लावून बघता येईल. सेवा कामाची आहे. पण आहे तशी चालवली, तर ज्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे त्यांनाच त्रास होईल.

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘कायद्याने बंधनकारक’ असं छापलंय. प्राचार्य सही करतात ती याच ओळीवर, आणि ती चुकीची आहे. अशी सक्ती आहे ती अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्याच्या २०१५ च्या कायद्याने तिथल्या कॉलेजांना निदान दोन वर्षांतून एकदा असं सर्वेक्षण करावं लागतं, आणि तिथल्याच २०२२ च्या केंद्रीय कायद्यानेही दोन वर्षांचीच मुदत घातली. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा पॉश कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) कॉलेजांमधल्या लैंगिक छळाविरुद्धची २०१५ ची नियमावली यांत अंतर्गत तक्रार समिती आहे, वार्षिक अहवाल आहे, धोरणाचा सहामाही आढावा आहे. विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण नाही.

ते आहे यूजीसीच्याच २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमावलीत. वर्ष सुरू झाल्यापासून तीन महिने, दर पंधरवड्याला, पहिल्या वर्षाच्या मुलामुलींचं निनावी सर्वेक्षण घ्यायचं. पद्धत कॉलेजने ठरवायची. रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक अत्याचार, कपडे उतरवायला लावणं, अश्लील चाळे करायला लावणं हे सगळं येतं. म्हणजे कायद्याचा आधार हवाच असेल तर तो इथे आहे. आणि नेमका हाच नियम पत्रकात कुठेही नाही, हे फार खटकतं.

प्रश्नावली अमेरिकी नमुन्यावरून उतरवलेली आहे हे पहिल्याच पानावर कळतं. ‘परिसराचे हवामान आपणास कसे वाटते?’ हा प्रश्न म्हणजे ‘कॅम्पस क्लायमेट’चं शब्दशः भाषांतर. तो वाचून कोणाच्याही डोक्यात पाऊसपाणीच येणार. विचारायचंय ते इतकंच: ‘संध्याकाळी सहानंतर कॉलेजच्या आवारात वावरताना भीती वाटते का?’ १४ व्या प्रश्नात ‘टायटल नाइन अधिकारी’ ओळखता का, असं विचारलंय. तो शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या १९७२ च्या अमेरिकी कायद्याखाली नेमला जाणारा अधिकारी. आपल्याकडे पोरींना समिती माहीत असते ती ‘विशाखा समिती’ म्हणून. तेच नाव घाला, आणि शेजारी अंतर्गत तक्रार समिती असंही लिहा.

खरा घात ९ व्या प्रश्नात आहे: ‘तुमच्यावर लैंगिक अत्याचार झाला आहे का? हो / नाही.’ जिच्या अंगाला प्रॅक्टिकलच्या वेळी मुद्दाम हात लावला जातो, ती त्याला अत्याचार म्हणत नाही, ‘नाही’वर टिचकी मारते. अहवालात शून्य येतं आणि कॉलेज ते शून्य मिरवतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कॉस यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीपासून रीत अशी आहे की गुन्ह्याचं नाव घ्यायचं नाही, कृती सांगायची. एका प्रश्नात एकच कृती. ‘या शैक्षणिक वर्षात तुमची इच्छा नसताना कोणी तुमच्या अंगाला हात लावला का?’ हा एक प्रश्न. नको असताना फोटो किंवा मेसेज पाठवले का, हा दुसरा. मार्कांची किंवा हजेरीची भीती घालून काही मागितलं का, हा तिसरा. ‘पाठलाग’पेक्षा ‘मागे लागणं’ हा शब्द लवकर कळतो. ‘जोडीदार’ म्हटलं की नवराच डोळ्यांपुढे येतो; ‘मित्र, बॉयफ्रेंड किंवा नवरा’ असं सरळ लिहा.

‘कुठे घडलं’ याला पर्याय तीनच आहेत: वर्ग, वसतिगृह, मैदान. २०१५ च्या नियमावलीत कॅम्पस याहून बराच मोठा आहे: कॉलेजने दिलेली बस, सहल, शिबिर, क्रीडास्पर्धा, इंटर्नशिप. सातपूर-अंबडच्या कारखान्यात इंटर्नशिपला जाणारी मुलगी या फॉर्मवर कुठेच बसत नाही. हे पर्याय वाढवून घ्या. विक्रेता त्याचे पैसे घेत नाही. ही नियमावली तक्रारदार मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही धरते, त्यामुळे फॉर्म फक्त मुलींना पाठवू नका.

वय ३६ व्या प्रश्नात विचारलंय. ते पहिलं हवं. प्रथम वर्षाला १७ वर्षांचे विद्यार्थी असतात, आणि पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार १८ खालच्या मुलावर झालेला गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं भाग असतं. निनावी उत्तरात कळवणार कोणाबद्दल? म्हणून १८ खालच्यांना पहिल्याच पानावरून मदतीच्या माहितीकडे वळवा.

निनावीपणाचं काय? नाव विचारलेलं नाही, पण शाखा, वर्ष, लिंग, तालुका आणि वसतिगृह एकत्र विचारलंय. तृतीय वर्ष भौतिकशास्त्र, मुलगी, सुरगाणा, वसतिगृह: एवढं सांगितलं की शिपायालाही ती कोण हे कळेल. तालुका काढून टाका, शाखांचे मोठे गट करा, आणि १० पेक्षा कमी उत्तरं असलेला गट डॅशबोर्डवर दिसणार नाही असं सेटिंग लावून घ्या. ते आहे, पण मुळात बंद असतं. डॅशबोर्डचा पासवर्ड प्राचार्यांना मिळतो, हेही बदला. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरच्या पदांवरच्यांना २०१५ ची नियमावली तक्रार समितीवर बसू देत नाही. त्याच न्यायाने पासवर्ड समितीच्या अध्यक्षांकडे असावा.

गूगल फॉर्मवर फुकटात करायचं असेल तर ईमेल गोळा करण्याचं सेटिंग बंद ठेवा. ‘एकच उत्तर’ लावलं की लॉगिन मागितलं जातं, आणि लॉगिन दिसलं की पोरं फॉर्म बंद करतात.

चांगलं तेही सांगायला हवं. प्रत्येक पानावर ‘लगेच बाहेर पडा’ बटण आहे, कोणताही प्रश्न सोडता येतो, आणि तळाशी महिला हेल्पलाइनचा १८१, तातडीच्या मदतीचा ११२ आणि मानसिक आरोग्याच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हे नंबर कायम दिसतात. स्वस्त फॉर्ममध्ये नेमकं हेच नसतं.

पत्रकातलं ‘९० टक्के प्रतिसाद’ हे आश्वासन विसरा. अमेरिकेतल्या ३३ विद्यापीठांत २०१९ ला झालेल्या मोठ्या सर्वेक्षणातही प्रतिसाद २१.९ टक्केच होता. वर्गात शिक्षक उभे करून भरून घेतलं की ९० टक्के येतात, आणि उत्तरं सगळी ‘नाही’ येतात. लिंक दोन आठवडे उघडी ठेवा, परीक्षेचे दिवस टाळा.

दुसऱ्या वर्षी दर ३५ रुपये होतो. करार करतानाच दोन वर्षांचा दर ठरवून घ्या आणि मुख्य प्रश्नांचे शब्द तेच राहतील असं लिहून घ्या. शब्द बदलले तर पहिल्या वर्षाशी तुलना करता येत नाही.