पैसे मोजून घाट उतरलो : ओमानची पाच दिवसांची ऑफरोड सहल

"जन्मभर घाटच चालवलेत की. आता पैसे मोजून घाट चालवायला परदेशात कशाला?" आमच्या मंडळींचा पहिला प्रश्न हा होता. पैसे पोराचे होते, पण मुद्दा बिनतोड होता.

मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो, सातारा विभागात. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी, मेढ्यावरून केळघर, बामणोलीची मुक्कामी गाडी, आणि शेवटची काही वर्षं जास्त करून पाटणवरून कुंभार्ली उतरून चिपळूण. रिटायर होऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून गोडोलीत घरी बसून पोराच्या गाडीला नावं ठेवत असतो. त्यावर वैतागून त्याने वाढदिवसाला ही सहल बुक करून टाकली. ओमानच्या डोंगरातल्या दऱ्या आणि वाळवंट, पाच गाड्या, सोळा माणसं, जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'स्वतः चालवा'. माणशी १ लाख १८ हजार, विमान वेगळं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रारी त्यांना समोरासमोर सांगितल्यात, चारचौघांत उणंदुणं काढायचं नाही. पण असल्या सहली आता बरेच जण काढतात, तेव्हा जाणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

आधी 'स्वतः चालवा'चा हिशोब. सोळा जणांत चालवणारे अकरा आणि पाचातली एक गाडी वाटाड्याची. म्हणजे चार स्टिअरिंगला अकरा माणसं. रोज सकाळी चिठ्ठ्या टाकायच्या. पाच दिवसांत माझ्या हाताला गाडी आली ती सगळी मिळून साडेपाच तास. बुक करताना हे कुणी बोललं नव्हतं. तुम्ही जाणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा : एका गाडीत चालवणारे किती?

साताऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता. मस्कतला उतरलो की घड्याळ दीड तास मागे करायचं आणि डोकं पूर्ण उलटं. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, स्टिअरिंग डावीकडे. शिवाय आमच्या टोयोटा प्राडो ऑटोमॅटिक. पहिल्या सिग्नलला माझ्या डाव्या पायाने सवयीने क्लच दाबला. तो ब्रेक होता. मागे बसलेल्या कराडच्या बाई पुढच्या सीटवर आदळल्या. दिवसभर वळण आलं की इंडिकेटरऐवजी वायपर सुरू. कोरड्या वाळवंटात वायपर मारत जाणारी आमची एकच गाडी असेल.

पहिला मुक्काम निझवा. मस्कतपासून चांगला चौपदरी रस्ता, दोन तासांत पोचलो. पेट्रोल आपल्या निम्म्या भावात, त्यामुळे गाडी बंद न करता गप्पा मारत उभे राहणारे लोक पाहिले आणि जीव कळवळला. आम्हाला डेपोत डिझेलच्या केपीएलवरून, म्हणजे लिटरला किती किलोमीटर गाडी गेली त्यावरून, बोलणी खावी लागायची. शुक्रवारी सकाळी निझव्यात शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरतो तो चुकवू नका. आपल्याकडे जनावर खुंट्याला आणि गिऱ्हाईक फिरतं. तिथे उलटं, गिऱ्हाईक गोल करून बसलेलं आणि विकणारे शेळ्या घेऊन त्यांच्यापुढून फेऱ्या मारतात. पुसेगावच्या यात्रेतला बैलबाजार पाहिलेल्या माणसाला भाषा कळली नाही तरी सौदा कुठे अडलाय ते कळतं.

आता मुख्य तक्रार. निझव्याच्या हॉटेलात रात्री जेवण झाल्यावर सवयीने गाड्यांभोवती एक चक्कर मारली. ड्युटीवर गाडी घ्यायची तर हवा, पाणी, ऑइल बघून घ्यायची, ती खोड जात नाही. तिसऱ्या गाडीची स्टेपनी अंगठ्याने दाबली तर दबली. कंपनीच्या पोराला सांगितलं. "काका, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी परत सांगितलं. "हो काका, पुढे पंपावर भरू." पंप मागे गेला, हवा राहिली. आणि तिसऱ्या दिवशी भर उतारावर त्याच गाडीचं मागचं टायर धारदार दगडाने बाजूने फाटलं. वाटाड्याच्या गाडीतली स्टेपनी बसवली म्हणून निभावलं. पण मग पुढचा सगळा रस्ता वाटाड्या बिनस्टेपनीचा. सोळा जणांचं जेवण, हॉटेल, फोटोवाला, उडता कॅमेरा या सगळ्याचं नियोजन चोख आणि स्टेपनीत हवा नाही, याला काय म्हणायचं? वॉकीटॉकीचंही तेच. पाच दिलेले, दुसऱ्या दिवशी चालू तीन.

वाटाड्या मात्र सोन्यासारखा माणूस. बलुची घराण्यातला, जन्म मस्कतचा, हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलणारा. मला पहिल्या दिवसापासून 'चाचा'. त्याला मी कंदी पेढ्यांचा बॉक्स दिला, त्याने वेलदोड्याचा कहवा आणि खजूर समोर ठेवले. मग एक रियालची नोट दाखवून सांगितलं, याचे हजार बैसा, आणि बैसा म्हणजे तुमचा पैसाच. त्याच्या आजोबाच्या काळात तिथे रुपया चालायचा. १९५९ साली आखातासाठी रिझर्व्ह बँकेने वेगळा रुपया काढला आणि ओमानात तो १९७० पर्यंत होता. पोरं फोटो काढत होती तोवर आमचं हे चाललेलं.

दुसऱ्या दिवशी जबल शम्स. सुमारे ३००० मीटर उंचीचा डोंगर आणि त्याच्या कुशीत हजारभर मीटर खोल कडा. महाबळेश्वरचा आर्थर सीट पाहिलेल्या माणसाने उगाच तोंड वाकडं करू नये, ही दरी खरंच मोठी आहे. पण हिरवं काही नाही. आपल्या कड्यांना निदान पावसाळ्यात शेवाळ तरी धरतं. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, हा डोंगर समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचा. दगडाच्या पायऱ्या मात्र दोन्हीकडे सारख्याच दिसतात. कड्याजवळ गावातली माणसं शेळीच्या केसांची जाजमं विकत होती. एक घेतलं. मंडळींनी ते घरी आल्यावर ओसरीवर टाकलं, आत घेतलं नाही, टोचतं म्हणून. रात्री तिथे थंडी कडक. वाळवंट म्हणून नुसते सुती शर्ट घेऊन आलेले दोघं जण कुडकुडत गाडीत झोपले.

तिसरा दिवस म्हणजे या सहलीचा गाभा. अल हमरा गावावरून डांबरी रस्ता चढत चढत सुमारे २००० मीटरवरच्या शरफत अल अलमैनला जातो. तिथे डांबर संपतं. पलीकडे खाली बघितलं की वादी बनी अवफ. वादी म्हणजे पाण्याने डोंगरात कोरलेली दरी, एरवी ठणठणीत कोरडी. त्यात खडीचा कच्चा रस्ता नागमोडी उतरत जातो, थेट रुस्ताकच्या बाजूला. एका गाडीची वाट, कठडा नाही, बाजूला खोल खड्डा. आणि त्या दिवशी चिठ्ठीत माझं नाव निघालं.

वाटाड्याने सगळ्यांना गोळा करून फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर, टाकायला लावलं आणि एवढंच सांगितलं, "ब्रेक नहीं. गाडी को गिअर पे छोड दो." मला हसू आलं. एसटीत भरती झालो तेव्हा आमच्या उस्तादाने कुंभार्लीच्या माथ्यावर हेच सांगितलं होतं : ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेक हा शेवटचा भाऊ. पहिला गिअर पकडला, दोन्ही पाय मोकळे ठेवले, आणि गाडी मुंगीच्या पावलाने आपली आपण उतरायला लागली. इंजिनच तिला धरून ठेवतं. खिडकी खाली करून खडीचा आवाज ऐकत होतो. शेजारचा पोरगा व्हिडिओत 'थरार, थरार' म्हणत होता. थरार कसला, या रस्त्याला सबुरी लागते.

दोन वळणांनंतर वारा पुढून आला आणि वास आला. ब्रेकच्या तापलेल्या लायनरचा वास एसटीवाल्याला झोपेतही कळतो. पुढची गाडी पुण्यातला आयटीतला एक पोरगा चालवत होता, सगळा उतार ब्रेकवर. चालू असलेल्या वॉकीटॉकीवरून सांगितलं, थांब. थांबला, आणि बाटली घेऊन चाकावर पाणी ओतायला निघाला. ओरडावं लागलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होते, तडकू पण शकते. अर्धा तास तसंच उभं राहून वाऱ्यावर निवू दिलं. त्या अर्ध्या तासात वेळापत्रकवाल्या पोराने सात वेळा घड्याळ बघितलं. निघताना सवयीने माझ्या तोंडून वॉकीटॉकीवर गेलं, "डबल बेल." तेव्हापासून शेवटच्या दिवसापर्यंत आमच्या ताफ्याचा निघायचा इशारा तोच झाला. वाटाड्यासुद्धा म्हणायचा.

खालून एक पिकअप चढत आली. वाटाड्याने पाचही गाड्या रुंद जागी दाबून घेतल्या आणि तिला वाट दिली. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियम कुंभार्लीतही आहे आणि तिथेही. कुणी कुणाला शिकवला देव जाणे.

मध्ये बिलाद सैत नावाचं गाव लागतं. चारी बाजूंनी उघडे डोंगर आणि मध्ये पायऱ्यापायऱ्यांची शेतं, खजुराची झाडं, हिरवागार लसूणघास. पाणी येतं फलजने. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी उताराने खेळवत आणणारा पाट, ना मोटर ना पंप. असे पाच फलज २००६ साली जागतिक वारसा यादीत गेले, त्यातला दारिस आम्ही निझव्यात पाहिला होता. पाण्याची वाटणी वेळेवर, ज्याची त्याची पाळी ठरलेली. मी विचारलं, पाळीवरून भांडणं होतात का? वाटाड्या म्हणाला, चाचा, गाव आहे ना. त्याच वाटेवर खडकांच्या मधोमध हिरवंगार फुटबॉलचं मैदान आहे, ते बघून मात्र सगळेच गप्प झाले.

त्यानंतर कार्यक्रमपत्रिकेत एका अरुंद घळीत गाड्या घालायच्या होत्या. आमच्या डोक्यावर आभाळ निळं, पण लांब माथ्यावर ढग बसलेले. वाटाड्याने पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि नाही म्हणाला. वादीत पूर येतो तो वरच्या पावसाचा, खाली एक थेंब न पडता. कंपनीचा पोरगा वाद घालायला लागला, लोकांनी पैसे भरलेत म्हणून. काही जणांनी त्याचीच री ओढली. मी वाटाड्याच्या बाजूने बोललो, जरा चढ्या आवाजात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीचा पूल गेला आणि आमच्या दोन एसटी त्यात गेल्या. ती नदी आमच्या महाबळेश्वरातूनच निघते. त्या पावसाळ्यात पुलाजवळ आलो की पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून निघायचा. हे सगळं तिथे बोललो नाही, एवढंच म्हणालो की ज्याला जायचं त्याने चालत जावं. कुणी गेलं नाही. संध्याकाळी घळीत पाणी आलं की नाही ते बघायला आम्ही तिथे नव्हतो.

चौथ्या दिवशी शरकिया सँड्स, ज्याला वहिबाची वाळू पण म्हणतात. बिदिया गावाशी थांबून टायरची हवा कमी करायची, पस्तीसवरून पंधरा-सोळावर. हे माझ्याच्याने बघवेना. जन्मभर टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर वाजवून हवा पारखली, आणि इथे चांगल्या भरलेल्या टायरची हवा स्वतःच्या हाताने सोडायची. पण वाळूत गेल्यावर पटलं. टायर पसरट होतं, उंटाच्या पायासारखं. वाळूत ब्रेक मारायचा नाही, पाय काढला की गाडी आपोआप थांबते, आणि थांबायचं ते उताराकडे तोंड करून. माझी पाळी नव्हती, पण गाडी फसली तेव्हा फावडं माझ्याच हातात. त्या दिवशी सगळ्यांत सफाईने गाडी चालवली ती कराडच्या बाईंनी. शाळेत शिकवतात. विचारलं तर म्हणाल्या, माहेरी ट्रॅक्टर होता, नांगरलेल्या रानात शिकले.

बाहेर आल्यावर पुन्हा हवा भरायची. पाच गाड्या, वीस टायर आणि कंपनीचा एकच छोटा कॉम्प्रेसर, तोही मध्येच गरम होऊन बंद पडणारा. दीड तास उन्हात बसलो. शंभर पावलांवर पंक्चरचं दुकान होतं, मोठ्या मशीनचं. थोडे रियाल वाचवायला सोळा जणांचा दीड तास घालवला. या वेळात माझ्या पिशवीतली भडंग आणि शेंगदाण्याची चटणी संपली, तेवढं चांगलं झालं.

जेवण ठीक. राहायची सोय छान, संडास-बाथरूम स्वच्छ, बायाबापड्यांनी बिनघोर जावं. शेवटच्या दिवसाच्या मस्कतबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, बाजारहाट झाली, ओमानी हलवा घेतला. तो पेढ्यापुढे टिकत नाही.

रस्त्याला आणि वाटाड्याला पाचपैकी पाच. कंपनीला दोन, आणि त्यातला एक हॉटेलांसाठी. परत आल्यावर त्यांना फोन केला, स्टेपनीचं सांगितलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, पुढच्या सहलीत पाच हजार सूट देतो म्हणाले. मी म्हटलं, सूट नको, दुसरा कॉम्प्रेसर घ्या.

मुंबईहून येताना भाड्याची गाडी केली होती. खंबाटकी चढून वेळ्याकडे उतरायला लागलो आणि ड्रायव्हरने गाडी न्यूट्रल केली, डिझेल वाचवायला. मंडळी मला न्यायला विमानतळावर आल्या होत्या, शेजारीच बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "बाळा, गिअरमध्ये घे, नाहीतर हे आता साताऱ्यापर्यंत बोलत बसतील."