लाकडी फ्लोअरिंग, आठ महिन्यांनंतर: फळ्या बऱ्या, भिंत वाकडी

बेडरूममध्ये इंजिनीअर्ड ओक टाकून आठ महिने झाले. १४ मिमी फळी, वर ३ मिमीचा खऱ्या ओकचा थर, खाली फोम, क्लिकवालं, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकणारं. बाकी माहिती घेणाऱ्याने कॅटलॉगात वाचलेलीच असते, मला बोलायचंय ते लाकूड फुगेल म्हणून भिंतीलगत मुद्दाम सोडतात त्या फटीबद्दल. हो, फटीबद्दलच.

पहिले चार-पाच महिने मी येईल त्याला बूट काढायला लावून फ्लोअर दाखवत होतो. मग सलग दमट हवा लागली आणि एक दिवस पलंगावरून उतरतो तर खिडकीच्या भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर फळ्या वर आलेल्या, पाय दिला की खाली, उचलला की परत वर. विक्रेत्याकडे तक्रार केली. तिथून आलेला माणूस दोन मिनिटं उभा राहिला, "ओल्या फडक्याने पुसता ना?" म्हणाला आणि फॉर्मवर तेच लिहून गेला. अरे आम्ही फडकं हात दुखेपर्यंत पिळतो! तेव्हा हे लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता, तोही नाइलाजाने.

शेवटी वैतागून स्वतःच स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी ती फट झाकणारी पट्टी, उचकटलं. कोपऱ्यांत फट १० मिमी, आणि मधोमध व्हिजिटिंग कार्डसुद्धा आत जाईना, फळी थेट गिलाव्याला टेकलेली. दोन्ही कोपऱ्यांत सारख्या जाडीचे ठोकळे धरून दोरी ताणली तेव्हा कळलं, भिंतीला मध्ये ९ मिमीचं पोट आहे. इतकी वर्षं त्या भिंतीला पाठ टेकून बसलो, कधी जाणवलं नाही. म्हणजे दमट दिवसांत फुगायला लाकडाला तिथे जागा उरली होती १ मिमी. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं, आणि आमच्या फळ्यांची रुंदी नेमकी त्याच भिंतीकडे. समोरच्या बाजूला फट होती, पण तिथे गच्च भरलेलं कपाट, त्यामुळे फ्लोअर तिकडेही सरकू शकलं नाही. मग जाणार कुठे, वरच येणार.

इथपर्यंत लिहिताना सगळा दोष मिस्त्रीवर टाकायचा बेत होता. पण खरं सांगायचं तर त्याने पहिल्याच दिवशी गुण्या लावून खोली काटकोनात नाही हे दाखवलं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २२ मिमीचा फरक. भिंतीवर भरवसा न ठेवता त्याने खोलीत सरळ दोरी मारून पहिली ओळ घेतली आणि सगळा तिरकसपणा शेवटच्या ओळीत काढला, एका टोकाला ८४ मिमी, दुसऱ्याला ६२. डोळ्याला कळत नाही, मानलं पाहिजे. शेवटची ओळ भिंतीच्या आकाराने कापू, एक दिवस जास्त लागेल, असंही तो म्हणाला होता. मीच म्हटलं सरळ काप, स्कर्टिंगखाली कोण बघतंय. वर पेटीतल्या कागदावर फट १२ मिमी लिहिलेली, पण माझ्याकडचं जुनं स्कर्टिंग बरोबर १२ मिमीच जाड, जेमतेम झाकणार, नवीन कशाला घ्या म्हणून १० ठेवायला लावली. एक दिवसाची मजुरी आणि चार स्कर्टिंग पट्ट्या, एवढी ती बचत.

दुरुस्तीला तोच आला, काही न बोलता. मोठा वॉशर घेतला, भोकात पेन्सिल, वॉशर भिंतीला चिकटवून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत नेला. भिंतीचं पोट जसंच्या तसं फळीवर उमटलं, इतकी सोपी युक्ती. मग त्या रेघेवरून मल्टिटूलने कापलं, बारीक भुसा पार उशांच्या अभ्र्यांत गेला. कपाट रिकामं करून बाजूला घेतलं. चार दिवसांत फ्लोअर बसलं. पूर्ण नाही, दोन जोडांच्या कडा किंचित उचललेल्या राहिल्यात, संध्याकाळी तिरका उजेड आला की मलाच दिसतात, घरातल्या कुणालाही नाही. आणि स्कर्टिंग शेवटी १८ मिमीचं नवीन घ्यावंच लागलं. ते भिंतीलाच ठोकलंय, फ्लोअरला नाही, वर पोटाच्या दोन्ही बाजूंना राहिलेली फट अॅक्रिलिक सीलंटने भरली.

बाकी वापर उत्तम. पायाला गार लागत नाही, खुर्चीच्या पायांना फेल्ट लावल्यापासून ओरखडे नाहीत. आवाज टाइल्सपेक्षा वेगळा, पोकळ येतो, आठवड्यात सवय होते. तीन स्टार देणार होतो, चार देतो, एक कापला तो त्या फॉर्मवाल्यासाठी.

आता दुसरी खोली करायचीय. काल तिथेही ठोकळे लावून दोरी ताणली, १४ मिमी. मिस्त्रीला फोन केला तर पहिला प्रश्न, "स्कर्टिंग जुनंच वापरायचंय का?"