केस परत येणारच होते, त्याचे ६९,४३० रुपये लावले मला

बेरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन, झालेल्या आणि करायचा विचार असलेल्या सगळ्यांनी हे वाचा, बायकांनी तर नक्कीच. वजन उतरायला लागलं आणि केस मुठीने हातात यायला लागले की हेअर क्लिनिकवाले टपलेलेच असतात.

जानेवारीत माझी स्लीव्ह झाली, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन. मे उजाडेपर्यंत बावीस किलो उतरले होते आणि केसही. बाथरूमच्या जाळीत गुंता, उशीवर केस, एकदा तर आमटीच्या वाटीत. महिनाअखेरीला भाच्याचं लग्न, अंबाडा घालायला हातात काही लागेना. सासूबाई रोज म्हणायच्या, "आधीच बरी होतीस गं." गूगल करायचं होतंस, असं कोणी सांगू नका. गूगल केलं म्हणूनच ते क्लिनिक समोर आलं.

"फ्री स्कॅन." पांढरा कोट घातलेली एक मुलगी, डॉक्टर नव्हे, काउन्सेलर. तिने माझा एक केस ओढला, काळ्या कागदावर ठेवला आणि कॅमेऱ्याने स्क्रीनवर मोठा करून दाखवला. टोकाला बारीक पांढरा ठिपका. "मॅडम, बघा, मूळच निघून आलंय. आत्ता थांबवलं नाही तर त्या जागी परत केस येणार नाही." माझ्या पोटात गोळा आला. तो ठिपका म्हणजे मूळ नाहीच, हे पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी ८०० रुपयांत, पाच मिनिटांत सांगितलं. गळायला आलेल्या केसाचं टोक तसंच दिसतं, केस उगवतो ती जागा कातडीतच शाबूत राहते. मोठं ऑपरेशन आणि झपाट्याने उतरलेलं वजन यांच्या धक्क्याने एकाच वेळी पुष्कळ केस वाढायचे थांबतात आणि साधारण तीन महिन्यांनी एकदम गळतात. आणखी काही महिन्यांत गळती थांबते, नवे येतात. प्रोटीन, लोह, झिंक कमी पडलं तर मात्र लांबतं.

आता जे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो ते सांगते. त्या मुलीने विचारलं, "सर्जरी कधी झाली?" मी म्हटलं, जानेवारीत. तिने बोटांवर मोजलं आणि हसून म्हणाली, "चौथा महिना, म्हणजे अगदी वेळेवर आलात." वेळेवर! तिला महिना पाठ होता. म्हणजे हे कशाने होतं, कधी थांबतं, सगळं ठाऊक होतं. पॅकेज सहा महिन्यांचं का आणि "सहा महिन्यांत रिझल्टची गॅरंटी" का, ते तिथेच कळायला हवं होतं. सूर्य उगवल्याचं बिल कोंबड्याने फाडावं, तसला हा धंदा. पण समोर स्क्रीनवर आपलाच केस 'मेलेला' दिसत असताना कोणाचं डोकं चालतं? सर्जनच्या टीमने आधी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. इंग्रजी डिस्चार्ज फाइलमध्ये, मल्टिव्हिटॅमिनच्या खाली एका ओळीत.

पॅकेज ६३,९०० रुपये, म्हणे "आजच्या दिवसापुरतं". ९,९०० यूपीआयने दिले. उरलेले ५४,००० "नो कॉस्ट ईएमआय", सहा हजारांचे नऊ हप्ते. ओटीपी आला तेव्हा माझा फोन तिच्याच हातात होता. "फक्त व्हेरिफिकेशन आहे, मॅडम." ते कर्ज होतं. त्यावर १,१८० प्रोसेसिंग फी आणि ४,३५० चं 'किट'. ओटीपी दुसऱ्याच्या हाताने टाकू देऊ नका, अगदी पांढऱ्या कोटातल्या हातानेही. आणि डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कूलिंग-ऑफ मुदत असते, म्हणजे तेवढ्या दिवसांत कर्ज परत करून बाहेर पडता येतं; ती कर्जाच्या अटींच्या कागदात, 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये, लिहिलेली असते. मला कोणी दाखवलंच नाही.

आठ पीआरपी ठरल्या होत्या (आपलंच रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून त्यातला भाग डोक्यात टोचतात), तीन झाल्या. दर वेळी रक्त काढायला वेगळा मुलगा. नळी पडद्यामागे जायची, मशीन फिरलं की नाही देव जाणे. इकडे माझं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ९, फारच कमी. ते तपासायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

किटमधल्या बायोटिनच्या (केसांसाठी म्हणून देतात ते व्हिटॅमिन) गोळ्यांनी वेगळाच घोळ घातला. थायरॉइडचा रिपोर्ट भलताच आला, टीएसएच कमी. नवीन रोग लागला म्हणून आम्ही घाबरलो. बायोटिनचा मोठा डोस काही रक्ततपासण्या बिघडवतो. रक्त द्यायच्या आधी लॅबला आणि डॉक्टरला गोळ्या दाखवा. माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्या बंद केल्या, दिवसाला साठ ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि लोह सुरू केलं. सप्टेंबरात कपाळापाशी बारीक केस उभे राहिले.

पैसे परत मागितले, तर पावतीच्या मागच्या बाजूला 'नॉन-रिफंडेबल'. चौकीत गेले. साहेब म्हणाले, "ताई, सह्या तुमच्याच आहेत ना? हा सिव्हिल मॅटर आहे." वर हवालदाराने मान वर न करता विचारलं, "केस तर आलेत की?" औषधांच्या खात्यात गेले, तर ते म्हणे क्लिनिक आमच्याकडे येत नाही, गोळ्यांचं असेल तर रिकामी बाटली आणा. महापालिकेत सांगितलं, खाटा नाहीत म्हणजे नर्सिंग होमच्या नोंदणीत बसत नाही. डॉक्टरांच्या कौन्सिलला डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा आणि पावतीवर डॉक्टरचं नावच नाही! मग मी तक्रार कोणाची करायची, पडद्याची? फायनान्स कंपनी म्हणते सेवेशी आमचा संबंध नाही, हप्ता भरा. एक चुकवला तर बँकेने ५९० कापले, वर सिबिलची धमकी. ह्यांनी शेवटी सांगितलं, भर आणि लढ.

पैसे देण्याआधी पावतीवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून मागा. देत नसतील तर उठा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच अर्ज करता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही. मी केलाय. तारीख पुढे गेली आहे.

मागच्या आठवड्यात क्लिनिकचा व्हॉट्सॲप आला: "मॅडम, 'आफ्टर' फोटो पाठवा, दोन सेशन फ्री." त्याचा स्क्रीनशॉट मी अर्जाला जोडला आहे.